मैदान मारणारे आणि मैदान भरवणारे

आमच्या घरात देवघराच्या शेजारी एक जुना फोटो आहे. तो देवाचा नाही, घरातल्या कुणाचाही नाही. डोक्याला फेटा, अंगात पांढरा सदरा, भरदार मान आणि कुस्तीने चुरगळलेले कान असलेला एक माणूस त्यात खुर्चीवर बसलेला आहे. लहानपणी मला वाटायचे, हे आमचे कुणीतरी पणजोबा असावेत. एकदा आबांना विचारले, तेव्हा ते माझ्याकडे रागाने बघत म्हणाले, "आरं, आंदळकर हैत ते. आंदळकर ठावं न्हाईत, आन् शाळंला जातोयस व्हय?"

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी गेले, तेव्हा मी सातवीत होतो. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. त्यांनी फोटोला हार घातला आणि दिवसभर उंबऱ्यात बसून राहिले. आबांची आणि आंदळकरांची ओळख तशी काहीच नव्हती. साठच्या दशकात आबा पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून कोल्हापुरात येऊन एका पेठेतल्या तालमीत दोन वर्षे राहिले होते. त्या दोन वर्षांत त्यांनी आंदळकरांना रस्त्याने जाताना पाहिले, खासबागेत लढताना पाहिले. पुढे खुराक परवडेना म्हणून लंगोट खुंटीला टांगून ते नांगराकडे परतले. एवढ्या भांडवलावर माणूस आयुष्यभर कुणाचा तरी फोटो भिंतीला का लावतो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला होता. यंदा त्याला आणखी एक निकडीचे कारण मिळाले. ते पुढे सांगेनच.

मित्रहो, कुस्तीचा इतिहास लिहिताना आपण जिंकणाऱ्यांची यादी करतो. कोणी कोणाला कोणत्या साली कोणत्या डावावर अस्मान दाखवले, हे आमच्याकडे शाळा न पाहिलेला म्हातारासुद्धा तोंडपाठ सांगतो. पण कुस्ती व्हायची तर आधी कुणीतरी ती ठरवावी लागते. जोड बघावी लागते, इनाम गोळा करावे लागते, आणि त्याच्याही आधी दहा-बारा वर्षे एखाद्या पोराला दूध-तुपावर पोसून मातीत घोळवावे लागते. पाश्चात्त्य मुष्टियुद्धात सामने भरवणाऱ्याचा धंदाच निराळा आहे. तो तिकिटे विकतो, जाहिरात करतो, नफा-तोटा सोसतो. जॅक डेम्प्सीसारखा जगज्जेता निवृत्तीनंतर स्वतःच त्या धंद्यात उतरला. १९३३ साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेली मॅक्स बेअर आणि मॅक्स श्मेलिंग यांची गाजलेली लढत त्यानेच भरवली होती. आपल्याकडे या कामाला एकच नाव नाही. ते राजा, वस्ताद, जत्रा कमिटी, साखर कारखाना आणि पेठेतले चार हौशी लोक यांच्यात वाटले गेलेले आहे. पण ज्याने स्वतः मैदान मारले आणि नंतर इतरांसाठी मैदान उभे केले, असा माणूस कोल्हापुरात शोधायचा म्हटले तर आंदळकरांचे नाव पहिल्याने घ्यावे लागते.

त्यांच्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात. हे काही इथल्या पाण्याचे किंवा मातीचे नवल नाही. राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले. ते स्वतः तालमीत घुमलेले होते. त्यांनी पेठापेठांतून तालमी उभारल्या, पंजाबापासूनचे मल्ल आणून दरबाराच्या खर्चाने इथे ठेवले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि तसे आपल्याकडे असावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ साली ते खुले झाले, तेव्हा गामा पहिलवानांचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली असे सांगतात. ज्यांनी खासबाग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : मध्ये लाल मातीचा उंच हौदा, आणि त्याच्या चहूबाजूंनी चढत गेलेली गोल बैठक. खांब नाही, आडोसा नाही. सर्वांत वरच्या कडेला बसलेल्या गड्यालाही पहिलवानाच्या पायाचा अंगठा दिसतो. त्याला लागूनच १९१५ साली बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ती आग विझेपर्यंत रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे मी पाहिली. त्यांत नाटकवाले जेवढे होते तेवढेच तालीमवाले होते.

तालीम हा शब्दच इथे कुस्तीपुरता राहिलेला नाही, हेही बाहेरगावच्या वाचकांना सांगितले पाहिजे. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचे घर. तिथे गणपती बसतो, तिथे भांडणे मिटतात, आणि तिथूनच फुटबॉलचा संघ निघतो. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर काय होते, हे आपल्या वर्गातल्या रिकाम्या बाकांना विचारा. म्हणून कुस्तीचे मैदान हा इथे निव्वळ खेळ कधी नव्हता. त्याच्यामागे पेठेची अब्रू असते आणि अब्रूसाठी माणूस खिशात हात घालतो. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला तसा सामान्य रयतेला कुस्ती पाहण्याचा आणि त्यावर चार पैसे उधळण्याचा नादही लावला. माझ्या मते त्यांचे कुस्तीला सर्वांत मोठे देणे ते हेच. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, तरी तो नाद गेला नाही.

राजाश्रय गेला म्हणजे काय झाले, हे नेमके दाखवणारे उदाहरण एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आयुष्यभर मातीत खेळलेला हा गडी तिथे गादीवर उतरला आणि सहावा आला. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा दरबार नव्हता. खाशाबांना वर्गणी मागत फिरावे लागले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या प्राध्यापकांनी हा मजकूर वाचताना दचकू नये; आमची एवढी मागणी नाही!

खाशाबांनी हेलसिंकीत ५७ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना पुरती विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि त्यावर हरकत घ्यायला तिथे भारताचा कुणी अधिकारी हजर नव्हता, असे त्या वेळच्या हकिकतीत नेहमी सांगितले जाते. मला या गोष्टीतला हा भाग पदकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हौद्यात एकट्याने लढायचे असते हे खरे. पण हौद्याच्या काठावर आपले कुणीतरी उभे असावे लागते. त्या माणसाला आपण वस्ताद म्हणतो.

परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले, जिंकले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिंपिकचे पदक मिळवलेला माणूस गुरूचे कर्ज फेडायला मैदान भरवतो, यात अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

आता आंदळकरांकडे येतो. त्यांचा जन्म १९३५ सालचा, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा. वारणेच्या काठचे हे गाव. पोरवयातच ते कोल्हापुरात आले आणि भवानी मंडपाजवळची मोतीबाग तालीम हेच त्यांचे घर झाले. महाराष्ट्राला पहिली हिंदकेसरीची गदा १९५९ साली मिळाली, ती एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीला जिंकली. तेही कोल्हापूरचेच, शाहूपुरी तालमीचे. दुसऱ्याच वर्षी, १९६० मध्ये, मुंबईला पंजाबच्या खडकसिंगाला हरवून आंदळकर हिंदकेसरी झाले. लागोपाठ दोन वर्षे गदा एकाच गावात आल्यावर गावाची छाती किती फुगली असेल याची कल्पना करा. आबा सांगायचे की त्या काळात कोल्हापुरातला न्हावीसुद्धा दाढी करताना आधी विचारायचा, "खंचनाळे का आंदळकर?" आणि उत्तर मनाजोगते आले नाही तर वस्तरा जरा जोराने फिरायचा.

१९६२ साली जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे आंदळकरांनी ९७ किलोवरच्या गटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हे ९७ किलोच्या गटात होते. त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणले. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांच्या मुलांनी चार पदके वाटून घेतल्यासारखी आणली. यातली खुबी कुस्ती न जाणणाऱ्या वाचकाच्या लक्षात येणार नाही म्हणून थोडे उलगडून सांगतो. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायचा नसतो, पायाचाही उपयोग डावासाठी करायचा नसतो. आपली मातीची कुस्ती म्हणजे निम्मी पायांची. पट काढायचा, घुटना ठेवायचा, एकलंगी भरायची, ढाक लावायची, या सगळ्यांत कुठेतरी पाय आलाच. म्हणजे ज्याला लहानपणापासून पायांशी खेळायला शिकवले, त्याचे निम्मे भांडवल काढून घेऊन त्याला लढायला लावायचे. आणि तिथे आंदळकरांनी सुवर्ण जिंकले. ज्या मल्लाला डाव पाठ असतात तो डाव बंद झाला की गडबडतो. ज्याला वजन, तोल आणि समोरच्याचा श्वास कळतो त्याला नियम बदलले तरी चालतात. आबा एवढेच म्हणायचे, "त्येंच्या मानंत सगळं हुतं."

१९६४ साली आंदळकर टोकियोच्या ऑलिंपिकला गेले. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. त्या काळात पाकिस्तानातले पंजाबी मल्ल कोल्हापूरला येत, खासबागेत तोबा गर्दी होई, आणि फाळणी होऊन पंधरा-वीस वर्षे झाली तरी लाहोरकडच्या पहिलवानाने चांगला डाव केला तर वरच्या बैठकीतून टाळ्या पडत. राजकारणाला जे जमले नाही ते हलगीला जमत होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

साठीच्या दशकाच्या अखेरीस आंदळकरांनी लढणे आवरते घेतले. इथून त्यांच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो त्याच्यावर फारसे लिहिले गेलेले नाही, कारण त्यात निकाल नाहीत. त्यांच्यासारख्या नावाच्या माणसाला गावी जाऊन शेती बघत सुखाने राहता आले असते, राजकारणात शिरता आले असते. ते मोतीबागेतच राहिले आणि वस्ताद झाले. पुढची अनेक दशके कोल्हापुरात कुस्तीच्या कुठल्याही कामाचा रस्ता त्यांच्यावरून गेला. तालीम संघाचे काम, कुस्तीगीर परिषदेचे काम, जोडी ठरवणे, भांडणे मिटवणे, सगळे.

वस्तादाचे काम काय असते हे मला माझ्या धाकट्या भावामुळे जवळून कळले. संभा दोन वर्षांपासून कोल्हापुरातल्या एका तालमीत आहे. पहाटे चारला दिवा लागतो. आधी खोऱ्याने हौद्यातली माती खणायची, मग लाकडी फळीने सारखी करायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेले असते. जखम चिघळू नये आणि माती अंगाला धरू नये म्हणून. मग जोर, बैठका, आणि मग लढती. थोरला पहिलवान एकामागून एक चार-पाच पोरांना अंगावर घेतो. वस्ताद काठावर बसलेला असतो आणि फार बोलत नाही. कुणाचा दम कुठे तुटतो, कोण मार खाऊनही पुन्हा उठतो, कोण आरशात जास्त बघतो, हे सगळे तो टिपत असतो. कुणाच्या घरून तूप आले नाही हेही त्याला कळते. आणि कुणाच्या घरून येणारच नाही हेही कळते, तेव्हा तो गुपचूप कुणाला तरी सांगतो. ती व्यवस्था कुठल्याही वहीत लिहिलेली नसते.

हे झाले घडवणे. आता भरवणे. गावच्या जत्रेचे मैदान असते, तिथे सकाळपासून पोरे जमतात. अगदी चिल्लीपिल्ली रेवड्यांवर आणि नारळावर खेळतात. मग पंच उभे राहून अंगालोट्याने आणि वजनाने सारखी दिसणारी दोन पोरे हाताला धरून एकत्र आणतात. दोघांच्या वस्तादांनी मान हलवली की जोड लागली. मोठ्या नंबरच्या कुस्त्या मात्र महिनाभर आधी ठरतात. एक नंबरला कोण, दोन नंबरला कोण, इनाम किती, हे जाहिरातीवर फोटोसकट छापतात. इथे वस्तादाचा खरा कस लागतो. पोर कच्चे असताना मोठ्या जोडीला लावले तर ते खचते. सोप्या जोडीला लावत राहिले तर ते सुस्तावते. आणि मैदानवाल्याला तर नाव हवे असते, कारण नावावर गर्दी येते. मग दोन नामवंत मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास घुटमळतात, बरोबरी होते, आणि पैसे वाटून घेतले जातात. याला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. प्रेक्षक अशा वेळी चिडून जे बोलतात ते या अंकात छापता येणार नाही. नुराने मैदाने मेली आहेत. मैदानाचा जीव निकालात असतो, आणि वस्तादाचा शब्द असा असावा लागतो की त्याचा पठ्ठ्या उतरला म्हणजे कुस्ती खरी होणार हे लोकांनी धरून चालावे. मोतीबागेच्या नावाला ती किंमत होती, आणि ती आंदळकरांनी जपली. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची खरी मिळकत हीच.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे घ्यायची तर चंबा मुतनाळ यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. मुतनाळांनी १९६७ आणि १९६८ साली महाराष्ट्र केसरी मिळवली. ही स्पर्धा मामासाहेब मोहोळ यांनी उभारलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून सुरू केली. नंतर राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे दादू चौगुले आले. १९७० आणि १९७१ साली महाराष्ट्र केसरी, १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. दादूमामांनी पुढे वस्तादाचीच वाट धरली, आणि त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे पुनवतहून आलेल्या एका पोराने शिकवलेली गोष्ट अर्जुनवाड्यात गेली, आणि तिथून पुढच्या पिढीत उतरली. या वंशावळीला रक्ताचे नाते लागत नाही; मातीचे लागते.

इथे थांबून कौतुकाचे हार घालून लेख संपवता आला असता. पण एक बोचणारी गोष्ट आहे. इतकी मैदाने, इतके वस्ताद, इतके केसरी असताना खाशाबांनंतर कोल्हापूरच्या मातीतून कुस्तीचे दुसरे ऑलिंपिक पदक का आले नाही? दिल्लीकडे बघा. गुरू हनुमान यांच्या आखाड्यातले सतपाल आपल्याकडच्या मैदानांत येऊन लढत असत. १९७७ साली बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी त्यांना चीत केले, तो दिवस आमच्याकडचे म्हातारे सणासारखा सांगतात. पण पुढे सतपाल यांनी छत्रसाल स्टेडियमवर गादी अंथरली, आणि त्यांच्या हाताखालून सुशीलकुमार व योगेश्वर दत्त ऑलिंपिकच्या पदकापर्यंत पोचले. ज्याला आम्ही मैदानात हरवले त्याने आम्हांला शिकवण्यात हरवले, असे कुणी म्हटले तर काय उत्तर द्यावे?

माझे उत्तर असे आहे, आणि ते वादग्रस्त ठरेल याची मला कल्पना आहे. आमच्या मैदानांनीच आमच्या पोरांना मातीत धरून ठेवले. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल, वेळेचे बंधन फारसे नाही; म्हणून तिथे भारी अंग आणि दम यांना भाव. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा हिशेब, चपळाई. दोन्हींची मेहनत वेगळी, खुराकसुद्धा वेगळा. आता सतरा-अठरा वर्षांच्या पोराला जत्रेच्या एका मैदानात रोख इनाम मिळते. गादीवर आठ-दहा वर्षे घाम गाळून पदक मिळेलच असे नाही, आणि मधल्या काळात दूध कुणी द्यायचे? राजा गेल्यावर कुस्ती लोकांनी जगवली, सहकारी साखर कारखान्यांनी मानधन देऊन जगवली, वारणानगरला दर वर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी मोठे मैदान भरते तसली मैदाने भरवून जगवली. हे उपकार नाकारता येणार नाहीत. पण लोकांना जे पाहायला आवडते तेच जगते. आंदळकर स्वतः तर गादीवर सुवर्ण जिंकून आलेले. तरी त्यांना सारे आयुष्य ज्या व्यवस्थेत काम करावे लागले ती मातीची होती. एकटा वस्ताद व्यवस्था बदलू शकत नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन रस्ते करून शेवटी दोन्ही विजेत्यांना एकमेकांसमोर आणतात, ही तडजोड त्यातल्या त्यात शहाणपणाची म्हणावी लागेल.

अगदीच निराशा आहे असेही नाही. बिराजदार पुण्याला वस्ताद झाले, त्यांच्या तालमीत घडलेल्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले, तेही ५७ किलोत, खाशाबांच्याच वजनात. आणि २०२४ साली पॅरिसला महाराष्ट्राचे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते राधानगरी तालुक्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने आणले. बंदुकीने आणले, कुस्तीने नव्हे. पण बहात्तर वर्षांची वाट संपली. आबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना बातमी सांगितली तर म्हणाले, "बरं झालं. पर ह्यात खुराक काय लागतो?"

आंदळकर २०१८ साली गेले, दादू चौगुले २०१९ च्या ऑक्टोबरात, श्रीपती खंचनाळे २०२० च्या डिसेंबरात. तीन वर्षांत तिघे. आबा गेल्या वर्षी गेले. फोटो तसाच आहे.

आता ते निकडीचे कारण. यंदा एका गावच्या जत्रेत संभाची कुस्ती लागली होती. गावाचे नाव सांगत नाही. प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा दोन बोटे उंच होता. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या कल्लोळात संभाने बाराव्या मिनिटाला त्याला घिस्सा डावावर चीत केले. मी पहिल्यांदाच त्याची कुस्ती पाहत होतो आणि माझे गुडघे त्याच्यापेक्षा जास्त थरथरत होते. जाहीर केलेल्या इनामातले निम्मेच पैसे हातात पडले. बाकीचे "पाठवतो" म्हणाले. ते अजून आलेले नाहीत. घरी आल्यावर वडिलांनी मला बाजूला घेतले. "तू शिकलेला हैस. मला सांग, ह्याला तालमीत ठेवू का परत आणू? महिन्याचं दूध, तूप, बदाम धरून माझ्या ऊसबिलातलं काय उरतंय, तुला ठावं हाय." मी चार दिवसांची मुदत मागितली. हा लेख म्हणजे त्या चार दिवसांतली माझी खटपट आहे. आंदळकरांबद्दल वाचत, विचारत फिरलो ते त्यांच्या पदकांसाठी नव्हे. पुनवतहून ते निघाले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी काय हिशेब केला असेल, हे मला हवे होते. ते कुठेच लिहिलेले सापडले नाही.

पाचव्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, अजून एक वर्ष ठेवू, पण त्याने आठवड्यातले तीन दिवस गादीवर सराव केला पाहिजे आणि बारावीची परीक्षा दिली पाहिजे. वडील काही बोलले नाहीत. मग संभाच्या वस्तादांना भेटायला गेलो. मनात धाकधूक होती, की शिकलेल्या पोराचा आगाऊपणा म्हणून ते हाकलून देतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले, संभाकडे पाहिले आणि म्हणाले, "गादी सोमवारपासून. त्या राहिलेल्या इनामाचं मी बघतो. पोराच्या कानावर घालू नका, मैदानात उतरताना त्येच डोक्यात ऱ्हातंय." अभ्यासाबद्दल ते काही बोलले नाहीत, ते बहुधा माझ्यावर सोपवले असावे.

त्यानंतरच्या रविवारी आईने दिलेला तुपाचा डबा घेऊन मी पहाटेच्या एस.टी.ने कोल्हापूरला आलो. तालमीत शिरलो तेव्हा संभा हौद्यात एकटाच खोरे मारत होता. गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. डबा कोनाड्यात ठेवायला सांगून तो पुन्हा खणायला लागला. किती दिवस पुरेल, असे मी विचारले. खोरे न थांबवता तो म्हणाला, "आठ दिवस. आईला सांग, पुढच्या टायमाला जरा मोठा डबा दे म्हणून."